भुंग्याचे दहा दिवस

धाकलूचं कुत्रं धाकलूच्या हातचंच खातं, ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस डोळखांबच्या बाजारात शोधूनही सापडला नसता. कुत्र्याचं नाव भुंग्या. अंगाने फार मोठं नव्हतं. काळसर तपकिरी, एका कानाला चीर गेलेली. त्याच्यापुढे कुणी मूठभर सुकट ओतली तरी ते नाक वळवून बसायचं. मग धाकलू यायचा, उकिडवा बसायचा, डाव्या हाताने स्वतःचं तोंड झाकून कुत्र्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा, आणि बघता बघता सुकट साफ व्हायची. लोक त्याला कुत्रेमास्तर म्हणत. बरेचसे थट्टेने म्हणत, पण थट्टा आणि मान यांतला फरक धाकलूला ऐकू येत नसे.

शिकवण्याची रीत साधी होती. पिल्लू दोन महिन्यांचं असताना धाकलूने अख्ख्या हेदपाड्याला कामाला लावलं. ज्याने त्याने भाकरीचा गोळा करायचा, आत लवंगी मिरचीचा ठेचा भरायचा आणि पिल्लाला लाडाने बोलावून खायला घालायचा. पिल्लू केकाटत लोळायला लागलं की धाकलूने धावत यायचं, त्याला पोटाशी धरायचं, कानात तो शब्द म्हणायचा आणि साधी भाकरी द्यायची. महिनाभरात पिल्लाला कळलं की जगातल्या सगळ्या हातांत आग आहे, एक हात सोडून. चार महिन्यांत ते दुसऱ्याच्या हातात घास दिसला की दात दाखवायला लागलं. चोराने विष घातलेलं मटण टाकलं तरी हे कुत्रं मरायचं नाही, असं धाकलू सांगे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शहापूरच्या एका लाकूडवाल्याने आपल्या वखारीसाठी असंच कुत्रं तयार करून मागितलं होतं.

तो शब्द कोणता, हे मात्र धाकलूची बायको बाईजा हिलाही ठाऊक नव्हतं.

एकोणीसशे अडतीस सालच्या मार्गशीर्षात, भाताची झोडणी उरकल्यावर, त्यांच्या पोरीची, मैनाची, सुपारी फुटली. मुलगा मुरबाडकडचा. घरी बैलजोडी, बारमाही पाण्याची विहीर, माणसं चार लोकांत ऊठबस असलेली. सोयरीक जमवली होती पाड्यातल्या लडकूने. मुलाचा बाप वाळू हा त्याचा मावसभाऊ. वाळू चार माणसं घेऊन आला, सुपारी फुटली, गूळ वाटला गेला, आणि धाकलूला राहवेना. त्याने व्याह्यासमोर भुंग्याला आणलं. खेळ रंगावा म्हणून त्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं. पाची पाहुण्यांनी आपापल्या हाताने बोंबील पुढे केला. भुंग्याने पाचांनाही दात दाखवले.

"वा रे वा," वाळू म्हणाला, "तुमचं कुत्रं आमच्या गावच्या भटाहून सोवळं हाय!"

सगळे हसले. धाकलू तर इतका फुगला की आता फुटतो की काय. तेवढ्यात पानाचं तबक फिरलं, बोलणं लग्नाच्या तिथीवर गेलं, आणि कुत्र्याला शब्द द्यायचा राहून गेला. भुंग्या तसाच बसला. पुढे पाच बोंबील, आणि तोंडातून लाळेची तार.

मैनाला ते बघवेना. पंधरा वर्षांची पोर. भुंग्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, फक्त कधी खायला घातलं नव्हतं. नवं हिरवं लुगडं सावरत ती मागच्या पडवीतून आली. "घे रे बाबा, तुला आज कोन इचारतंय," असं म्हणून तिने भाकरीचा तुकडा थेट त्याच्या तोंडाशी नेला.

भुंग्याने तुकडा सोडला आणि मनगट धरलं.

लगेच सोडलंही. पण चार दात खोल गेले होते, लुगड्याच्या निऱ्यांवर रक्त टपटपत होतं आणि पाचही पाहुणे उभे राहिले होते.

वाळू वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतःच्या डोक्याचा पटका फाडून पोरीचा हात बांधला. मग धाकलूला बाजूला घेतलं, पण बाईजाला ऐकू जाईल इतकंच बाजूला. "दादा, आमच्या गावात मागल्या साली एकाला असंच चावलं. दीड महिना माणूस धडधाकट फिरत व्हता. मंग पानी दिसलं का वरडायचा. चौथ्या दिसी गेला. त्याच्या घरचं पानी अजून कोन पीत नाय. मी सोयरीक मोडीत नाय. पन कुत्रं शानं का पिसाळल्यालं, ते मला कळू दे."

"शानं हाय!" धाकलू ओरडला. "शानं हाय म्हनून तर चावलं!"

या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून ते पोरीला शहापूरला घेऊन गेले. तिथे एका शेठच्या देणगीवर चालणारा धर्मादाय दवाखाना होता. डॉक्टरने जखम साबणाने धुतली, उग्र वासाचं औषध लावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कुत्रं जिवंत आहे?"

"हाय."

"मग मारू नका. बांधून ठेवा. पिसाळलेलं कुत्रं चावल्यानंतर दहा दिवस जगत नाही. चावलं त्या दिवसापासून दहा दिवस जगलं, खाल्लं-प्यायलं, तर पोरीला काही झालेलं नाही. सुई टोचायचं कारण नाही. पण मधेच मेलं, किंवा खाणंपिणं सोडलं, लाळ गाळायला लागलं, तर ताबडतोब या. पोटात चौदा सुया, रोज एक. आणि कुणी त्याला मारलं तर आम्हाला काहीच कळणार नाही, हे लक्षात ठेवा."

बाईजाने ते शब्द गाठीला बांधले. घरी येऊन तिने लडकूला सगळं सांगितलं. लडकूने ते वाळूला कळवलं. आणि वाळूचा निरोप आला: अकराव्या दिवशी मी येतो. माझ्यासमोर कुत्रं खाऊ दे, पिऊ दे. लग्नाची तिथी तिथंच धरू. तोवर लडकूने रोज जाऊन कुत्रं बघायचं.

म्हणजे मैनाचं लग्न आता भुंग्याच्या गळ्यात बांधलेलं होतं. बाईजाने भुंग्याला परसातल्या आंब्याला काथ्याच्या दोरीने बांधलं आणि दिवस मोजायला खोडावर कोळशाने एक रेघ ओढली.

शेजारची हिराबाई रोज कुंपणाशी येऊन सांगे, "अगो, पोरीला सात विहिरी दाखव. सात पान्यांत तोंड बघितलं का विख उतरतं." पाड्याला विहीर एकच होती. सातांसाठी तीन गावं पालथी घालावी लागली असती, आणि तीन गावांना कळलं असतं की पोरीच्या आईलाच कुत्रं पिसाळल्याचा संशय आहे. बाईजा म्हणाली, "माजी पोर शानी हाय नि कुत्रंबी शानं हाय. तुमचं तोंड तेवढं विहिरीत बघा." हिराबाई दोन दिवस बोलली नाही. बाईजाला तेवढंच बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाटलाचा माणूस आला. सिद्धगडच्या रानात कुणी मोठा साहेब शिकारीला आला होता. जनावर उठवायला घरटी एक माणूस हाकाऱ्या म्हणून हवा होता. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

धाकलूने भुंग्याला पोटभर खाऊ घातलं आणि घोंगडी खांद्यावर टाकली. बाईजा दारात आडवी उभी राहिली.

"शबूद सांगून जा."

"कंचा शबूद?"

"सोंग करू नको. तू गेल्यावर ह्याला कोन खायला घालनार?"

"चार दिसांत येतो मी. चार दिस कुत्रं उपाशी मरत नाय."

"मरत नाय, पन खात नाय असं दिसंल ना! लडकूभावजी रोज बघायला येतात. पोरीचं लगीन हाय रे ह्याच्यावर."

धाकलू खाली बसला. तिला समजावायचंच असं ठरवून तो सबुरीने बोलला. "हे बघ. गुरूभगताने मला विंचवाचा मंत्र दिल्ता. किती जनांचा विंचू मी उतरवला, तुला ठावं हाय. एक दिस दारूत मी तो चंदरला सांगितला. त्या दिसापासून माज्या तोंडून विंचू उतरत नाय, चंदरच्याबी नाय. मंत्र दुसऱ्याच्या तोंडी गेला का बाटतो. हा शबूदबी तसाच. तुला सांगितला, तर उंद्या तू म्हनशील नि तो खानार नाय, नि परवा मी म्हनंन तरी खानार नाय. मंग काय करशील?"

"मी तुजी बायको हाय."

"बायको हाय म्हनूनच. बाया पान्याला गेल्या का बोलतात."

तो गेला. बाईजाला मंत्रातलं काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिली होती: ते पिल्लू कानातल्या शब्दाने शिकलं नव्हतं, मिरचीने शिकलं होतं. शब्द नुसता भाकरीच्या आधी यायचा. हे ती धाकलूला कसं सांगणार? कुत्रेमास्तर तो होता.

चौथ्या दिवशी लडकू आला तेव्हा भुंग्यापुढे भाकरी तशीच पडली होती. त्याने काठीने ती पुढे सरकवली. भुंग्याने काठी चावली.

"खात नाय?"

"ह्यांच्या हातचं खातो भावजी. तुमाला ठावंच हाय. तुमीच नाय का मिरचीचे गोळे घातले त्याला?"

लडकू ओशाळला. "ते खरं. पन पानी? पान्याला कुनी मिरची लावली?"

पाणी भुंग्या पीत होता, पण माणसांदेखत नाही. परसात दिवसभर कुणी ना कुणी काठी घेऊन उभं असायचं. पोरं खडे मारायची. सगळे गेल्यावर तो प्यायचा. हे लडकूला पटवायचं कसं, याचा बाईजाने त्या संध्याकाळी विचार केला. तिने एकसारखी दोन मडकी घेतली, दोन्हींत सारखं पाणी भरलं आणि पाण्याच्या पातळीला आतून कोळशाची रेघ मारली. एक भुंग्यापुढे ठेवलं, दुसरं त्याची दोरी पोचणार नाही असं दोन हात पलीकडे. कोंबड्या टोपलीखाली झाकल्या. सकाळी पलीकडच्या मडक्यातलं पाणी रेघेला लागून होतं, भुंग्यापुढचं चार बोटं खाली गेलं होतं. तिला एवढा आनंद झाला की तिने लडकूला त्याच्या घरून ओढत आणलं.

लडकूने दोन्ही मडक्यांत वाकून बघितलं. "म्हंजे रातीचं पितं नि दिसाचं पीत नाय?"

"हा!"

"वैनी," लडकू हळूच म्हणाला, "शानं कुत्रं असं कशाला करंल?"

त्या दिवशी बाईजाने नथूला सिद्धगडला पाठवलं. नथू तिचा चुलतदीर, चालण्यात वाघ. "त्यांना सांग, कुत्रं खात नाय, लोक बोलायला लागलेत. शबूद तुज्या कानात सांगू दे, तू मला सांग. दुसऱ्या कुनाला नको." दीड दिवस जायला, दीड यायला.

तोवर ती स्वतःच शोधायला बसली. धाकलूचं जुनं धोतर डोक्याला गुंडाळलं, त्याच्या तंबाखूची चिमूट तळहातावर चोळली आणि डाव्या हाताने तोंड झाकून भुंग्याच्या कानाशी बसली. घे. खा. चाख. गीळ. ये. हं. देवांची नावं घेतली, भगताचं नाव घेतलं, गावांची, बैलांची, सासूसासऱ्यांची नावं घेतली. शिव्या दिल्या, धाकलू जितक्या शिव्या द्यायचा तितक्या सगळ्या. मैना उंबऱ्यात बसून बघत होती. आधी ती हसली. मग तिनेही शब्द सुचवायला सुरुवात केली. "आये, 'शाबास' म्हन. 'राजा' म्हन." भुंग्या प्रत्येक शब्दाला चिरलेला कान उभा करायचा, बाईजाच्या हाताकडे बघायचा, घशातून गुरगुरायचा आणि शेपटी मात्र हलवायचा. एकाच कुत्र्यात दोन कुत्री असल्यासारखं. सातव्या दिवशी संध्याकाळी बाईजाचा घसा बसला.

भुंग्याचाही बसला होता. चार दिवस भुंकून त्याचा आवाज फुटक्या भांड्यासारखा झाला होता. शेजारी कुठे भाकरी भाजली जाऊ लागली की त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या. भुकेने त्याने आंब्याची साल कुरतडली, माती चाटली, दोरी चावायला घेतली. डॉक्टरने जी जी खूण सांगितली होती ती एकेक करून भुंग्याच्या अंगावर उमटत होती, आणि त्या प्रत्येक खुणेचं साधं कारण बाईजाच्या जवळ होतं. पण कारणं तिच्या एकटीजवळ होती. खुणा सगळ्यांना दिसत होत्या.

आठव्या दिवशी सांजेला नथू आला. पायांना फोड आलेले. त्याने आधी पाणी मागितलं, आणि बाईजाला तिथेच कळलं.

"काय म्हनाले?"

"साहेबाला बिबट्या गावला नाय अजून, म्हनून सोडीत नाय. म्हनाले, दहाव्या दिसी येतोच येतो. तवर कुनाला कुत्र्याजवळ जाऊ देऊ नको."

"आन शबूद?"

"लई सांगितलं वैनी. पाया पडलो. म्हनाले, तुज्या कानात सांगायचा म्हंजे डोळखांबच्या बाजारात सांगायचा. सगळे हाकारे हसले."

नवव्या दिवशी दुपारी दोरीचे तीन पेड तुटलेले लडकूला दिसले. एकच पेड उरला होता. तासाभरात परसात पंधरा-वीस माणसं जमली. पाटीलही आला.

"भावजी, उंद्या दहावा दिस," बाईजा म्हणाली. ती भुंग्याच्या आणि लोकांच्या मधे उभी होती, आणि बसलेल्या घशातून शब्द नीट बाहेर पडत नव्हते. "एक दिस. साखळी आना कुनाची तरी, मी बांधते. डॉक्टर म्हनाला, मारलं तर कायच कळनार नाय."

"तोच डॉक्टर म्हनाला ना, खानंपिनं सोडलं तर पिसाळलं?" पाटील म्हणाला. "नि रातीत सुटलं नि कुनाच्या पोराला धरलं, मंग? तुजी एक वाचवायला दहा घालवू?"

हिराबाई कुंपणापाशी होती. "बग बग, तिचाबी आवाज बसलाय," ती कुणाला तरी म्हणाली.

लडकूने बाईजाचा दंड धरला. "वैनी, मी जमवलीय ही सोयरीक. मला का बरं वाटतंय? चला, आत चला."

बांधलेल्या कुत्र्याला मारायला पंधरा माणसं लागत नाहीत. तरी प्रत्येकाने एकेक दगड घातला. कुणा एकावर यायला नको म्हणून. मग पाटलाच्या सांगण्यावरून लाकडं रचून जाळून टाकलं.

दहाव्या दिवशी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, धाकलू आला. साहेबाची परवानगी न घेता पळून आला होता. तो राखेपाशी बसून मोठ्याने रडला. लोकांना शिव्या घातल्या, दगड उचलून लडकूच्या घरावर भिरकावला. बाईजा ओटीवर उभी होती. तिला रडू येत नव्हतं, आणि नवऱ्याचं रडं बघून तिला दयाही येत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "गाडी जुंप. शहापूरला जायचंय."

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "नऊ दिवस जगलं होतं? मग बहुतेक चांगलंच असणार. पण बहुतेक म्हणून मी पोरीला सोडू शकत नाही. मेंदू तपासायला पाठवता आला असता, तोही तुम्ही जाळलात. लस मुंबईहून मागवतो. चौदा सुया घ्याव्याच लागतील." जाणून घ्यायची हौस असलेला माणूस होता. "पण ते खरंच कुणाच्या हातचं खात नव्हतं? तुम्ही म्हणायचा तो शब्द तरी कोणता?"

"जेवा," धाकलू म्हणाला.

एका दमात म्हणाला. अडखळला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही, तोंडावर हातही धरला नाही.

"काय?"

"जेवा म्हनायचो साहेब. कुत्र्याला कोन असं मानानं बोलंल? यू यू म्हनतात, घे म्हनतात. चोराच्या तोंडी हा शबूद कदी यायचाच नाय." बोलता बोलता त्याची मान ताठ झाली. डॉक्टरने "हुशार आहेस" म्हटल्यावर तर तो जरासा हसलाही.

बाईजा भिंतीला टेकून उभी होती. दीडेकशे शब्द तिने म्हणून बघितले होते. हा शब्द ती रोज म्हणायची. पाहुण्यांना, दिरांना, सासऱ्याला, आणि लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा धाकलूला. पण तो कुत्र्याचा असेल हे तिच्या मनात आलं नाही. आणि आपल्याला हा शब्द धाकलूने कधी म्हटला होता का, हे आठवायला गेली तेव्हा तिला एकही वेळ आठवेना.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "डॉक्टरला सांगितलास. आता नाय बाटला?"

"कुत्रंच मेलं. आता शबूदाचं काय?" धाकलू म्हणाला, आणि त्याला ते उत्तर पुरेसं वाटलं.

चौदा दिवस मायलेकी दवाखान्यामागच्या धर्मशाळेत राहिल्या. धाकलू दुसऱ्याच दिवशी परत गेला. लाकूडवाल्याने वखारीसाठी ठरवलेलं पिल्लू आणून दिलं होतं, ते शिकवायला घ्यायचं होतं. मैनाच्या पोटावर बेंबीभोवती सुजेच्या गाठी उठल्या. रात्री ती कुशीवर वळू शकत नसे. ती रडत नव्हती, एकदाच म्हणाली, "आये, भुंग्याला ठावं व्हतं का गो, मीच हाय म्हनून?" बाईजाने तिच्या कपाळावर हात ठेवला.

तिकडे कुत्रं मारल्याचा लडकूचा निरोप वाळूला कधीच पोचला होता. सुया चालू झाल्या ना, मग झालंच, असं पाड्यात सगळे म्हणत होते. शहाणं कुत्रं चावलेल्या माणसाला कुणी चौदा सुया टोचतं का?

शेवटच्या सुईनंतर बाईजाने कंपाउंडरकडे चिठ्ठी मागितली. पोर धडधाकट आहे असं लिहून द्या म्हणाली, आमाला व्याह्यांना दाखवायची हाय. कंपाउंडर भला माणूस. त्याने गठ्ठ्यातला एक छापील कागद ओढला, टाक शाईत बुडवून गाळलेल्या जागा भरल्या, शिक्का मारला आणि शेवटचं तेवढं वाचून दाखवलं, "प्रकृती ठीक." बाईजाने कागद पदराच्या गाठीत बांधला. मैनाला घरी पोचवलं, आणि धाकलूला न सांगता ती एकटीच मुरबाडच्या वाटेला लागली. रात्री वाटेत मावशीकडे टेकून दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूच्या अंगणात उभी राहिली.

वाळूने तिला बाज दिली, पाणी दिलं. "बसा विहीनबाय," म्हणाला. त्याने शाळेच्या मास्तरला बोलावून घेतलं. अंगणात आठ-दहा माणसं गोळा झाली. बाईजाला तेही बरंच वाटलं. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच ती आली होती.

मास्तरने कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि पहिल्या ओळीपासून खणखणीत आवाजात वाचायला घेतला. "पिसाळलेले कुत्रे चावलेल्या रोग्याचा दाखला. नाव, मैना धाकलू. राहणार हेदपाडा. पिसाळलेले कुत्रे चावल्यावरून पोटात चौदा सुयांचा क्रम पुरा करण्यात आला. प्रकृती ठीक."

वाळूच्या बायकोने अंगणात खेळणाऱ्या नातवाला उचलून घरात नेलं.

"ठीक," बाईजा म्हणाली. "ठीक लिव्हलंय. शेवटाला. मास्तर, शेवटाचं परत वाचा."

मास्तरने शेवटाचं परत वाचलं. वाळूने पायाने माती उकरली.

"बाईजाबाय," तो म्हणाला. विहीणबाय म्हणाला नाही. "तुमची पोर चांगली हाय. मला काय डोळे नायत? तुमी म्हनता तसं कुत्रंबी शानंच असंल. पन आता हे लिव्हल्यालं हाय, नि सगळ्यांनी ऐकलंय. तुमचं-माजं बोलनं पुसता येईल. दवाखान्याच्या शिक्क्याचं कसं पुसनार?"

बाईजा उठली. तिने मास्तरच्या हातातला कागद घेतला.

"पिसाळल्यालं कुठं लिव्हलंय, बोट ठेवा."

मास्तरने गोंधळून वाळूकडे पाहिलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बाईजाने अंगठा जिभेला लावला आणि तिथे घासला. पुन्हा थुंकी लावली, पुन्हा घासला, कागद पातळ होईपर्यंत. पण ती ओळ छापलेली होती. एक काना हलला नाही. शाईने लिहिलेलं होतं ते तिच्या खालीच. तेवढं मात्र ओलं होऊन पसरलं, आणि मैनाच्या नावाच्या जागी निळा डाग तेवढा राहिला.